उजव्या बाजूच्या पट्ट्या

हॉलच्या फरशीवर पेटी उघडी पडली होती. सदतीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एकाच सुराच्या दोन पितळी रीड, म्हणजे एकूण चौऱ्याहत्तर. त्यातल्या त्रेसष्ट जागेवर होत्या. अकरा वर्तमानपत्रावर एका रांगेत मांडून ठेवल्या होत्या. शेजारी बावीस स्क्रू, एक बारीक कानस, अर्धं ब्लेड, चिमूटभर पितळेचा भुगा आणि एक छोटी वाटी. वाटीत तेल होतं आणि तेलात लसणाच्या दोन काळपट पाकळ्या.

मिनलने चपला काढता काढता हे सगळं मोजून घेतलं. भौतिकशास्त्रात बीएस्सी करताना प्रयोगवहीत आधी साहित्य लिहायची सवय लागली होती, ती काही सुटली नव्हती. सगळ्याचा मेळ लागला, फक्त वाटीचा लागेना. रीडला तेल कुणी लावत नाही.

"पप्पा, आले मी," ती म्हणाली.

आत्माराम तांबे खाली मान घालून एक रीड कानशीवर घासत होते. टपाल खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला माणूस. अर्ध्या भाईंदरच्या गायन पार्ट्या पेटी लावून घ्यायला त्यांच्याकडेच यायच्या. मशीन नाही, ट्यूनर नाही. भाता मारायचा, डोळे मिटायचे आणि कुठली रीड किती उतरली आहे ते सांगायचं.

"पप्पा!"

"अगं हो, ओरडतेस कशाला? भुगा उडवू नकोस."

"ही पेटी का उघडलीत? आज रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं ना?"

"कसलं रेकॉर्डिंग? पेटी बिघडली. उजव्या बाजूच्या पट्ट्या दोन-दोन बोलतायत. एक दाबली की दोन सूर. आठवडा झाला, घासतोय, बसवतोय, परत तेच."

मिनल खाली बसली. ती काशीमीऱ्याला गॅरेजच्या वरच्या एका गाळ्यात नोकरी करत होती. सात जणांची कंपनी आणि एकच माल: 'पेटीगुरू' नावाचा खेळ. जाड फ्रेमचा चष्मा डोळ्यांना लावायचा. समोरची खरी पेटी दिसतच राहते, पण पट्ट्यांवर वरून रंगीत उजेड पडायला लागतो. ज्या पट्टीवर उजेड टेकेल ती त्याच क्षणी दाबायची. चष्म्यातला माइक सूर ओळखतो, बरोबर आला तर पट्टीतून ठिणग्या उडतात, चुकला तर ती लाल होते. पोरं तासन्‌तास खेळतात आणि महिन्याभरात एखादं गाणं वाजवायला लागतात. आता त्यात बुद्ध-भीमगीतांचा एक भाग घालायचा होता आणि त्यासाठी वाजवणार होते तिचे पप्पा. चार दिवस ती ऑफिसात हेच सांगत फिरली होती.

"बसवा तरी," ती म्हणाली. "मी मोजून बघते कुठल्या पट्ट्या बिघडल्यात."

बावीस स्क्रू परत लागायला अर्धा तास गेला. मग एकेक पट्टी दाबून मिनलने फोनमधल्या ट्यूनरवर आकडे घेतले. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट धरतात. दोन-तीन सेंटचा फरक चांगल्या कानालाही कळत नाही. डावीकडच्या सगळ्या पट्ट्या तीन सेंटच्या आत होत्या. उजवीकडच्या अकरा मात्र चढल्या होत्या. सव्वीस, एकतीस, बावीस, चौतीस.

"पप्पा, या अकरा चढल्यात."

"चढल्यात? घासूनसुद्धा उतरलेल्याच वाटतायत मला. मशीनला काय कळतंय!"

मिनलने फोनमध्ये जुनी फाइल शोधली. बावीस दिवसांपूर्वी माइक तपासायला तिने याच पेटीची एकेक पट्टी रेकॉर्ड केली होती. त्याच अकरा पट्ट्यांचे तेव्हाचे आकडे तिने वहीत उतरवले. दोन, एक, शून्य, तीन.

म्हणजे पेटी बिघडली नव्हती. चांगल्या लावलेल्या रीड पप्पांनी घासून घासून बेसूर केल्या होत्या.

ती वहीकडे बघत राहिली. दुपारचे अडीच वाजले होते, मे महिन्याचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत येत होतं. पप्पांचं वाजवणं कधी चुकलं असेल. ताल, शब्द, वेळ, सगळं कधी ना कधी चुकलं असेल. पण सूर चुकला नव्हता. तो आजवर एकदाही चुकलेला तिने पाहिला नव्हता.

"काय गं? तोंड असं का झालं?"

"काही नाही. चष्मा लावून बघता?"

"ते तुझं खेळणं? आण."

त्यांना ते खेळणं आवडायचं, फक्त कबूल करायचं नसायचं. त्यांनी चष्मा लावला, पट्ट्यांवर उजेड उतरायला लागले आणि बोटं पळायला लागली. पहिला डाव दोनशेपैकी दोनशे. दुसरा दोनशेपैकी दोनशे.

"बघ! बिघडलेल्या पेटीवर! तुमच्या ऑफिसातल्या त्या कौस्तुभला सांग, म्हातारा पोरांना भारी पडतो."

स्वयंपाकघरातून उर्मिला, मिनलची आई, म्हणाली, "म्हाताऱ्याला म्हणावं, तेवढा कुकर उतरवा. तीन शिट्ट्या झाल्या, चौथी होतेय. बसलेत राजे पेटी घेऊन."

"आता कुठे शिट्टी झाली?" पप्पा म्हणाले.

स्वयंपाकघर त्यांच्या उजव्या हाताला होतं.

मिनलने खेळातला दुसरा भाग उघडला. त्याचं नाव 'ऐक आणि वाजव'. त्यात उजेड पडत नाही. चष्म्याच्या दोन्ही काड्यांत बारीक स्पीकर असतात, त्यातून एक सूर ऐकू येतो, आणि तो सूर पेटीवर शोधायचा. हा भाग कुणी खेळत नाही, पोरं कंटाळतात, म्हणून पुढच्या वेळी काढूनच टाकू असं कौस्तुभ म्हणाला होता. मधली पट्टी सोडून डावीकडच्या अठरा आणि उजवीकडच्या अठरा, असे छत्तीस सूर तिने लावले. पंखा बंद केला.

"पंखा कशाला?"

"आवाज बारीक आहे."

पप्पा खेळले. मधे मधे थांबले, मान डावीकडे वळवून चष्म्याची काडी कानाजवळ दाबली. "संपलं का? बराच वेळ काही वाजलंच नाही," असं दोनदा म्हणाले. तेव्हा वाजत होतं. मिनलच्या फोनवर एकेक सूर जाताना दिसत होता.

डावीकडचे अठरापैकी अठरा. उजवीकडचे अठरापैकी चार.

तिने स्वतःला शास्त्राच्या विद्यार्थ्यासारखं वागायला लावलं. घाबरायचं नाही, आधी साधी कारणं काढून टाकायची. एक: चष्म्याचा उजवा स्पीकर गेला असेल. तिने चष्मा स्वतः लावला. दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू आल्या. दोन: बारीक आवाज वयानुसार कमी ऐकू येतात, सगळ्यांनाच. उजव्या पट्ट्या बारीक आवाजाच्या. आणि खेळात उजव्या पट्ट्यांचा सूर उजव्याच स्पीकरमधून येतो, डाव्यांचा डाव्यातून. म्हणजे हे पट्ट्यांमुळे होतंय की कानामुळे, ते या चाचणीतून कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या.

त्या सोडवायला एकच गोष्ट करायची होती. स्पीकर उलटे करायचे. खालचे जाड सूर उजव्या कानात, वरचे बारीक सूर डाव्या कानात. तिने ते बटण दाबलं आणि मनात म्हणाली, बारीकच चुकू देत. बारीक चुकले तर ते वय आहे. वय चालेल.

"अजून एकदा पप्पा, शेवटचं."

"घाम आलाय मला."

"शेवटचं."

वरचे बारीक सूर, डाव्या कानात: अठरापैकी सतरा. खालचे जाड सूर, उजव्या कानात: अठरापैकी तीन.

"किती आले?" पप्पांनी विचारलं.

"बघते," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

ओट्याला टेकून ती उभी राहिली. आई कोथिंबीर निवडत होती.

"आई, बाहेर वाटीत लसणाचं तेल कशाला आहे?"

"तुला नाही सांगितलं का त्यांनी? कान बसलाय म्हणतात. सर्दीने. रोज सकाळी दोन थेंब घालते."

"कुठला कान?"

"उजवा."

"कधीपासून?"

"मागच्या शुक्रवारी सकाळी उठले तेव्हापासून. उठले आणि भिंत धरून उभे राहिले, म्हणाले घर फिरतंय. मी म्हटलं पित्त असेल. पण रात्रीपर्यंत बरं वाटलं." आईने हातातली काडी खाली ठेवली. "का गं?"

मिनलने फोनवर शोधलं. शोधायला नको होतं असं लगेच वाटलं. एका कानाचं ऐकणं अचानक, एका रात्रीत जाणं, सोबत चक्कर. सर्दीसारखं वाटतं, लोक थांबतात, तेल घालतात. थांबू नये, असं जिथे तिथे लिहिलेलं होतं. पहिले काही दिवस महत्त्वाचे. दोन आठवड्यांनंतर औषधाचा उपयोग फार कमी. एका ठिकाणी असंही होतं की अशा माणसाला एकच सूर दोन्ही कानांत वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येऊ शकतो.

एक दाबली की दोन सूर.

शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. तिने बोटांवर मोजलं, मग भीतीने परत मोजलं. आज शनिवार होता आणि तो नववा दिवस होता.

बाहेर आली तेव्हा पप्पांनी पेटीचं झाकण परत उघडलं होतं आणि कानस हातात घेतली होती.

"ती ठेवा खाली."

"काय?"

ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. "कानस ठेवा. पेटी ठीक होती पप्पा. दवाखान्यात जायचंय, आत्ताच."

"कुणाला काय झालं?"

"तुमचा उजवा कान."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. एक स्क्रू चिमटीत धरून तो उगाच फिरवत राहिले.

"खेळण्यावरून बापाला बहिरा ठरवतेस?"

"मी उलटसुलट करून बघितलं. अठरापैकी तीन."

"सर्दी आहे. सोमवारी बघू. नाहीतर बुद्धपौर्णिमा झाल्यावर. आठ दिवसांवर विहारातला कार्यक्रम आलाय."

"तोपर्यंत उशीर होईल."

"कशाला उशीर? कान म्हणजे काय गाडी आहे सुटायला?"

तेवढ्यात दार ढकलून वाल्मिककाका आत आले. गायन पार्टीचे ढोलकीवाले, मूळचे परभणीकडचे, दिवसा काशीमीऱ्याला ट्रकचे टायर बघायचे. खांद्यावर ढोलकी होती.

"जय भीम मास्तर! जय भीम वहिनी! काय, आज पेटीचं पोट फाडलंय का?"

"जय भीम. बस," पप्पा म्हणाले. "ही बघ, पोरगी मला दवाखान्यात न्यायला निघालीय."

"न्या की मग. पर आधी मला एक सांगा. गुरुवारच्या तालमीत मला डाव्या अंगाला का बसवलं? अठरा वर्सं झाली, मी तुमच्या उजव्या अंगाला बसतोय. मी घरी जाऊन बायकोला इचारलं, माझ्या अंगाला वास येतो का गं? ती म्हनली, टायरचा येतो, पर तो तर अठरा वर्सांपासनं हाय."

वाल्मिककाकांनी तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि ढोलकी हळूच भिंतीला टेकवली.

"मास्तर?"

पप्पांनी आपला नेहमीचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बोलले तेव्हा आवाज इतका बारीक होता की मिनलला पुढे वाकावं लागलं.

"आत एक शिट्टी वाजते. त्या दिवसापासून. झोपेतसुद्धा थांबत नाही. वरच्या पंचमाच्या जरा खाली. पहिल्यांदा वाटलं पेटीतली एखादी रीड अडकून बोलतेय. म्हणून उघडली. पेटी बाहेर गॅलरीत ठेवली, तरी वाजतच होती."

"मग सांगितलं का नाही?" आईचा आवाज चढला. "नऊ दिवस माझ्याकडून तेल घालून घेतलंत!"

"सांगून काय? टपालात चौतीस वर्षं काढली, तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. मास्तर म्हणतात ते या पेटीमुळे. बहिरा तांबे म्हणवून घ्यायचं नव्हतं मला." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "डॉक्टर म्हणाला गेलाय, तर गेलाच ना. दवाखान्यात न जाता निदान सर्दी तरी आहे."

पप्पांना घाबरलेलं मिनलने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते बघून तिचं उरलंसुरलं अवसान गेलं. पण कुणीतरी उठायला हवं होतं.

"काका, रिक्षा."

"आत्ता आनतो," म्हणत वाल्मिककाका चपला न घालताच जिना उतरले.

कान-नाक-घशाचं रुग्णालय हायवेपलीकडे होतं आणि शनिवारी तिथले डॉक्टर सहापर्यंतच बसत. फोनवर तसं सांगितलं तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत रिक्षा बरी धावली. काशीमीऱ्याच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे बस, मागे बस, उजवीकडे चौदा चाकांचा कंटेनर. पाच पाच झाले, पाच वीस झाले.

"भैया, दुसऱ्या साइडने नाही का जाता येणार? अर्जंट है."

"मॅडम, उडके जाऊं क्या?"

कंटेनरवाल्याने हॉर्न दाबला. इतका मोठा की मिनलने दोन्ही हात कानांवर घेतले आणि रिक्षावाल्याने शिवी हासडली. पप्पा उजव्या बाजूला, हॉर्नपासून दोन हातांवर बसले होते. त्यांनी मान वळवली ती डावीकडे, मिनलकडे. आवाज तिकडून आला असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनाही ते कळलं. त्यांनी हळूच तिचा हात धरला. मिनल सात-आठ वर्षांची असताना रस्ता ओलांडायला ते असा हात धरायचे. आता धरण्यात फरक होता, आता तेच बिलगले होते.

पाच एकेचाळीसला ते पोचले.

डॉक्टर बाई चाळिशीच्या होत्या, भराभर बोलणाऱ्या. कानात दिवा घालून बघितलं, तेलाचं ऐकून ओठ आवळले, मग ड्रॉवरमधून एक दुपाखी काटा, ट्यूनिंग फोर्क, काढला. तो मिनलने कॉलेजात शंभरदा हाताळला होता. पाचशे बारा हर्ट्‌झ.

"काका, हा मी तुमच्या कपाळावर टेकवते. आवाज कुठे येतो ते सांगायचं. डावीकडे, उजवीकडे की मधोमध."

"उजवीकडे आला तर?" मिनलने विचारलं.

"तर बरं. मळ, सर्दी, पडद्यामागचं पाणी असलं की आवाज बिघडलेल्या कानात जातो. नस बिघडली असेल तर चांगल्या कानात."

हे पप्पांसमोर बोलायला नको होतं, पण ते त्यांच्या उजव्या बाजूला बोललं गेलं होतं. ते नुसते बघत होते. बाईंनी काटा गुडघ्यावर आपटला आणि कपाळाच्या मधोमध टेकवला. पप्पांनी डोळे मिटले. पेटी लावताना मिटायचे तसेच. मिनल मनात म्हणत राहिली, उजवीकडे म्हणा. खोटं असलं तरी चालेल, उजवीकडे म्हणा.

"स्पष्ट आहे," पप्पा म्हणाले. "डावीकडे."

मग जाड दाराची, आतून गादी लावलेली खोली. हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. काचेतून मिनलला पप्पांचा अंगठा दिसत होता. डाव्या कानाच्या वेळी तो सारखा हलत होता. उजव्याच्या वेळी बटणावर तयारीत थांबून राहिला, इतका वेळ थांबून राहिला की तिला वाटलं मशीनच बंद पडलंय. मशीन चालू होतं. चालवणारी मुलगी आवाजाचा काटा एकेक घर वर नेत होती.

"हा आकडा बघ," डॉक्टर बाई कागद पुढे करत मिनलला म्हणाल्या. "डेसिबल. ऐकू यायला किती मोठा आवाज लागतो ते. जितका आकडा मोठा तितकं वाईट. पंचवीसच्या आत असेल तर नॉर्मल. डावा कान अठरा. उजवा एकाहत्तर."

"परत येईल?"

"तिघांपैकी एकाचं बऱ्यापैकी येतं, एकाचं थोडं येतं, एकाचं येत नाही. कोण कुठला ते आधी सांगता येत नाही. आज नववा दिवस ना? पहिल्या तीन-चार दिवसांत आला असतात तर मी जास्त आशेने बोलले असते. गोळ्या आजच सुरू करायच्या, आता, इथेच पहिली घ्यायची. आठवड्यात फरक नाही पडला तर पडद्यातून कानात इंजेक्शन देऊ. त्या गोळ्यांनी शुगर वाढते, ती रोज बघायची. आणि एक एमआरआय."

"तो कशाला?"

"नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायला."

गाठ. हा शब्द बाईंनी डाव्या बाजूने उच्चारला होता. पप्पांनी तो ऐकला.

पुढचे दिवस घरात सगळेजण हळू पावलांनी चालायचे. गोळ्यांनी पप्पांची झोप उडाली. पहाटे ते गॅलरीत बसलेले दिसायचे, डावा कान हाताने झाकून. काय करतायत ते मिनलला पहिल्याच दिवशी कळलं. ते उजवा कान तपासत होते. समोरच्या कडुलिंबावर कावळे ओरडायचे आणि ते त्या आवाजाची वाट बघायचे. ती दारातूनच मागे फिरायची. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एमआरआयचा निकाल मंगळवारी आला. गाठ नव्हती. आईने देवघर नसलेल्या त्या घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली.

त्यापेक्षा चष्म्याचा प्रश्न वाईट होता. 'ऐक आणि वाजव' रोज करून बघता आलं असतं. दहा मिनिटांचं काम, आकडा हातात. पप्पांनी गोळ्यांच्या तिसऱ्या दिवशी स्वतःच मागितला, "लाव गं जरा, बघू किती होतायत." मिनलने चार्जिंग नाही म्हणून सांगितलं. चार्जिंग होतं. चारचा आकडा परत चारच आला, तर तो तिला वाचून दाखवायला लागला असता. मोजायला घाबरण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

गुरुवारी वाल्मिककाका आले. आता ते न सांगता डावीकडे बसत.

"मास्तर, एक डोकं चालवलंय. पोरीचा तो चष्मा लावून पौर्णिमेला वाजवा की. उजेड पडला की दाबायचं. चष्मा तर तुमी तसाबी लावताच. लोकांना काय कळतंय?"

"लोकांना नाही कळणार," पप्पा म्हणाले. "पण गाणारा अर्धा सूर वर गेला, तर मी तिथेच बसून राहीन. उजेड कुणासाठी थांबत नाही रे. मी आजवर गाणाऱ्यासाठी थांबत आलोय."

त्यांनी पेटी विहारात पाठवली. त्याआधी मिनल आणि पप्पा दोन दुपारी ती लावत बसले होते. ती ट्यूनर बघून आकडा सांगायची, पप्पा रीडच्या मुळाशी हलकेच घासून ती उतरवायचे. डोळे मिटत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते, प्रत्येक वेळी.

"किती?"

"नऊ चढी."

"आता?"

"चार."

"आता?"

"एक. बस्स, पप्पा."

"बस्स का? बरं." आणि पुढची रीड.

अकराव्या रीडला त्यांचा हात थांबला. "मिनू, हिचे मला दोन सूर नाही, दीडच ऐकू येतायत."

"म्हणजे?"

"माहीत नाही. बोलू नकोस काही. मलाही वाटत असेल नुसतं."

तिने शेवटचा स्क्रू पुढे केला. पौर्णिमेला चेणे गावातला एक तरणा मुलगा पेटीला बसला. पप्पा शेवटच्या रांगेत, उजवा कान भिंतीकडे करून बसले होते. कुणी विचारलं की, "तब्येत जरा बरी नाही," एवढंच सांगत होते. त्याच आठवड्यात पडद्यातून इंजेक्शन झालं. सुई आत जाताना त्यांनी मिनलचं मनगट इतकं आवळलं की संध्याकाळपर्यंत बोटांचे चार वळ दिसत होते.

तेविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते परत त्या जाड दाराच्या खोलीत गेले. आई बाकावर बसली होती, पर्सची चेन उघडत आणि लावत. वाल्मिककाका सुट्टी टाकून आले होते आणि जिन्यात उभे होते. आत येत नव्हते. "मी आत आलो की निकाल बिघडतो, माझं मॅट्रिकपासनं हेच हाय," म्हणाले.

मिनल काचेपाशी उभी राहिली. डावा कान झाला. मग मशीनवाल्या मुलीने बटण दुसऱ्या बाजूला फिरवलं. पप्पांचा अंगठा बटणावर होता. तो हलला नाही. मुलीने काटा वर नेला. हलला नाही. अजून वर नेला. मिनलने काचेवर कपाळ टेकवलं, तिच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती पुसून तिने परत बघितलं.

अंगठा दबला.

पुढचा आवाज, पुढचा, त्यापुढचा. कधी अंगठा लवकर दबत होता, कधी फार उशिरा, आणि त्यातून तिला काहीच ठरवता येत नव्हतं. सात मिनिटांनी दार उघडलं. पप्पा बाहेर आले, तिच्याकडे न बघता आईशेजारी बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले.

"शिट्टी आहे अजून," ते म्हणाले. "तिच्यातून काय ऐकलं आणि काय मनानेच दाबलं, मला सांगता येत नाही."

डॉक्टर बाईंनी कागद घेतला, बिंदू जोडले, खालच्या चौकटीत चार सुरांच्या आकड्यांची बेरीज करून चारने भागलं आणि तो टेबलावरून मिनलकडे सरकवला.

डावा कान अठरा. उजवा कान, एकाहत्तरावरून, त्रेचाळीस.